पंधरा मिनिटांचा रस्ता

निघायच्या दिवशी सकाळी उनाइसीनं माझ्या आईसाठी एक पुडकं बांधून माझ्या हातात दिलं. आत लोकरीचे पायमोजे होते, तिनं स्वतः विणलेले.

"म्हातारीच्या पायांना गार लागतं ना," ती म्हणाली. "सांग तिला, उनानं दिलेत. घालून झोपायचं म्हणावं. कपाटात जपून ठेवायचे नाहीत."

माझी आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ती गेली त्या आठवड्यात उनाइसीनं मला तीनदा फोन केला होता. तिकडच्या चर्चमध्ये आईच्या नावानं प्रार्थना सांगितली होती. मी पुडकं घेतलं, "देते" म्हटलं आणि बॅगेत कपड्यांच्या खाली सरकवून टाकलं. मग बराच वेळ उगीचच बॅगेची चेन लावत-काढत बसले.

आम्ही दोघी लेवुकाच्या. फिजीच्या एका बेटावरचं हे गाव, मागे लगेच डोंगर आणि पुढे लगेच समुद्र, मधे कशीबशी एक रस्त्याची पट्टी. कॉन्व्हेंटच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो आणि शाळा संपल्यावर मासे डबाबंद करायच्या कारखान्यात एका टेबलावर. उकडलेला टूना यायचा, त्याची कातडी, काटे, काळं मांस काढायचं. आठ तास उभं राहून. घरी जाऊन कितीही लिंबू चोळलं तरी हाताचा वास जायचा नाही. उनाइसीचा हात माझ्याहून जलद चालायचा. स्वतःचं ताट संपलं की ती गुपचूप माझ्या ताटातले दोन मासे ओढून घ्यायची, आणि मुकादमबाई वळली की तोंड असं करायची जणू काही झालंच नाही.

केल्विन तिथंच भेटला तिला. शीतगृहाची यंत्रं दुरुस्त करायला तीन महिन्यांसाठी आला होता, ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनहून. तेही टूनाचंच गाव. लग्न ठरलं तेव्हा आम्ही टेबलावरच्या सगळ्याजणी तिला चिडवायचो, "अगं, इतक्या लांब जायचं आणि पुन्हा माशांतच? निदान मेंढ्यावाला तरी बघायचास."

"तिथले मासे इंग्रजी बोलतात," ती म्हणायची.

याला चौतीस वर्षं झाली. ती चार-पाच वेळा गावी येऊन गेली, मी मात्र तोवर तिच्याकडे कधी गेले नव्हते. कारखाना, नवरा, मग नवऱ्याचं आजारपण, मग नवरा नाही. मी शेवटी निघाले त्या वर्षी जानेवारीत केल्विन अंगणात नळी गुंडाळता गुंडाळता पडला आणि गेला. मातीला जाणं मला जमलं नाही, कागदपत्रंच वेळेवर झाली नाहीत. ती झाली तेव्हा जुलै उजाडला होता. फोनवर उनाइसी म्हणाली, "आता रडायला येऊ नकोस. सुट्टीला ये. मजा करायला ये."

म्हणून मी बावीस दिवसांच्या सुट्टीला गेले. दुखवट्याला रिकाम्या हातानं जायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून एक मोठी चटई विणून नेली होती. तिनं ती केल्विनच्या रिकाम्या खुर्चीखाली अंथरली आणि तिच्यावर बसून आम्ही पहिल्या दिवशी पोटभर रडून घेतलं. मला वाटलं, झालं, आता मजा.

फोनवर तिनं मला काय काय दाखवायचं कबूल केलं होतं. सील, शिंपल्यांची शेतं, पांढऱ्या वाळूच्या टेकड्या. रोज सकाळी चहा पिताना मी विचारायचे, "आज कुठं?" आणि ती खिडकीबाहेर बघून म्हणायची, "आज वारा फार आहे. उद्या." वारा रोजच होता. जुलैतलं पोर्ट लिंकन म्हणजे राखाडी पाणी, राखाडी आभाळ आणि मधे धक्क्यावरचं धान्याचं उंच कोठार, तेही राखाडी. आम्ही गाडीनं फक्त दोनच ठिकाणी जायचो, चर्चला आणि सुपरमार्केटला. तेही ठरलेल्या रस्त्यानं. एकदा पालिकेनं रस्ता खोदून ठेवला होता तर ती सरळ घरी परत आली. "राहू दे, घरात डबाबंद मासे आहेत," म्हणाली. आम्हा दोघींना डबाबंद मासे. मी हसले होते तेव्हा.

आणखीही होतं. किटलीत पाणी न घालता ती चालू करायची. रविवारी एकच गोष्ट तिनं मला तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा एकाच जागी थांबून हसली. दोनदा मला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारली. फ्रिजवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या होत्या. कचरा मंगळवारी. गोळी जेवणानंतर. तालेईचा फोन शनिवारी; तालेई तिची मुलगी. त्यांत एक चिठ्ठी होती, 'तोरीला विचारायचं'. तोरी म्हणजे मी, तोरिका. मला वाटलं, नारळाच्या दुधातल्या माशाची कृती विचारायची असेल. नवरा गेलेली बाई, घरात एकटी, साठी उलटलेली. विसरणारच. मीही विसरते. असं मी रोज रात्री अंथरुणावर पडून स्वतःला सांगत होते.

माझं विमान पावणेतीनचं होतं. ते ॲडलेडला जाणार, तिथं तालेई मला घ्यायला येणार, एक रात्र तिच्याकडे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिजीचं विमान. पोर्ट लिंकनचा विमानतळ म्हणजे शेतांमधली एक बैठी इमारत. उनाइसीच्या घरापासून पंधरा मिनिटं. तरी आम्ही एक वाजताच निघालो.

"लवकर जाऊन बसलेलं बरं," ती म्हणाली. "आणि तिथली कॉफी चांगली असते."

तिनं चर्चचा निळा झगा घातला होता, केसांना तेल लावून वर बांधले होते. मला निरोप द्यायला एवढं नटायचं काय कारण, असं मनात आलं, पण बरंही वाटलं. गाडीत ती प्रार्थनेतलं एक गाणं गुणगुणत होती. पावसाची भुरभुर चालू होती. मी तिला सांगत होते की माझी सून कशी माझ्या भांड्यांना हात लावते, आणि मी परत गेले की पुन्हा सगळी भांडी कशी शोधावी लागणार. ती हसत होती.

मग तिचं गुणगुणणं थांबलं.

मला गाडी चालवता येत नाही. आमच्या बेटाला मुळात एकच रस्ता, तो फिरून पुन्हा गावातच येतो. दिशा मला समुद्रावरून कळतात. आले त्या दिवशी विमानतळावरून येताना समुद्र डाव्या हाताला होता, म्हणजे जाताना तो उजव्या हाताला हवा. उजव्या हाताला गव्हाचं हिरवं शेत होतं. डाव्या हातालाही.

"उना, समुद्र कुठं गेला गं?"

"आतल्या रस्त्यानं चाललोय," ती म्हणाली. "हा जवळचा पडतो."

मी घड्याळात बघितलं, दीडला पाच कमी होती. पंचवीस मिनिटं होऊन गेली होती. पुढे एक फाटा आला, ती डावीकडे वळली. मग आणखी एक, तिथं जरा थांबली, दोन्हीकडे बघितलं आणि उजवीकडे वळली. मागून एक धान्याचा ट्रक भोंगा वाजवत गेला. तिचे दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट आवळलेले होते, आणि ती पुढे झुकून अशी बघत होती जशी माणसं धुक्यात बघतात. धुकं नव्हतं.

"कुणाला तरी विचारू या का?"

"काय विचारायचं? मी तीस वर्षं गाडी चालवतेय इथं. तू बडबड करतेस आणि मग माझं लक्ष जातं. जरा गप्प बस ना."

डांबर संपलं. खाली खडीचा आवाज यायला लागला. दोन वळणांनंतर रस्ता एका लोखंडी फाटकाशी येऊन संपला. फाटकाच्या आत ओल्या मेंढ्या होत्या, त्यांनी माना वर करून आमच्याकडे बघितलं. उनाइसीनं गाडी बंद केली. पाऊस काचेवर वाजत होता. 

मग अगदी साध्या आवाजात, जसं कुणी बाजारात भाव विचारावा तसं, तिनं विचारलं, "तोरी, आपण कुठं चाललो होतो?"

"विमानतळावर. मी आज जातेय."

"हो," ती म्हणाली. "हो. बरोबर."

तिनं स्टीअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.  मी माझा हात त्यांच्यावर ठेवला. मेंढ्या पुन्हा चरायला लागल्या.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील. केल्विनला माहीत होतं. डॉक्टरकडे तोच घेऊन गेला होता, दुसऱ्या गावच्या, म्हणजे इथं कुणाला कळायला नको." ती समोर बघून बोलत होती. "गाडी मी चालवायची आणि तो शेजारी बसून सांगायचा, आता डावीकडे, आता सरळ. लोकांना वाटायचं, काय हुकूम सोडतो बायकोवर. चर्चमध्ये एका बाईनं मला तसं म्हणूनसुद्धा दाखवलं. मी म्हटलं, हो, फार त्रास देतो."

ती हसली. मला हसता आलं नाही.

"तालेईला?"

"तिला नाही. तिला कळलं तर ती मला कुठंतरी नेऊन ठेवेल. तसल्या घरात. तिथं दुपारी चार वाजता जेवायला वाढतात, माहीत आहे? केल्विनची आई होती तिथं. मी बघितलंय. तिला रोज दुसऱ्या कुणाचे तरी कपडे घातलेले असायचे."

माझा फोन त्या देशात चालतच नव्हता आणि तिचा घरी राहिला होता. दोन वाजत आले. विमान आता मिळणार नाही हे मला कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला विमानाचं काहीच वाटत नव्हतं. पण मग ती माझ्याकडे वळली.

"तुला एक विचारायचं होतं मला. रोज लिहून ठेवते आणि रोज राहून जातं. कधी विसरते, आणि आठवतं तेव्हा धीर होत नाही."

"विचार."

"मला लेवुकाला घेऊन चल. तुझ्याकडे."

मी फाटकापलीकडच्या मेंढ्यांकडे बघायला लागले.

"मी त्रास देणार नाही," ती म्हणाली. "तिथलं मला सगळं आठवतं, तोरी. शाळेच्या पायऱ्या किती ते सांगू? कारखान्याचा भोंगा, चर्चचं घड्याळ, तुझ्या आईचं अंगण. इथलंच तेवढं निसटतंय. तिथं रस्ता चुकायला रस्ते तरी किती आहेत? चुकले तरी कुणीतरी हाताला धरून आणेल. इथं कोण आणणार आहे? मला एक कोपरा दे फक्त. चटईवर झोपेन. तुला भांडी घासून देईन. मासे साफ करायला तर मी डोळे मिटूनही बसेन."

माझं घर म्हणजे माझ्या मुलाचं घर. दोन खोल्या. मुलगा, सून, तीन नातवंडं, आणि मी खोली आणि स्वयंपाकघराच्या मधल्या जागेत पडदा लावून झोपते. सुनेचं आणि माझं तसं ठीक आहे, पण तेवढंच. गावातल्या दवाखान्यात डॉक्टर असतो तेव्हा औषध नसतं. आणि उनाइसी आज वाट विसरत होती, उद्या आणखी काय विसरेल, तिला धुवावं लागेल, भरवावं लागेल, ती पाण्याकडे चालत गेली तर. माझे गुडघे. माझं वय तिच्याइतकंच. ही सगळी कारणं त्या दोन मिनिटांत माझ्या डोक्यात येऊन रांगेनं उभी राहिली. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

मी म्हटलं, "बघू."

एवढंच म्हटलं. "घरी गेले की मुलाशी बोलते. बघू काय जमतं ते."

 'बघू' म्हणजे काय ते तिला विसरायला झालं नव्हतं. मग तिनं मान हलवली आणि झग्याच्या बाहीनं नाक पुसलं.

"हो. बघ. घाई नाही."

त्याच वेळी फाटकाच्या आतून एक पिकअप आली. चालवणारा म्हातारा होता, डोक्यावर चिकटलेली ओली टोपी, शेजारच्या सीटवर कुत्रा. त्यानं काच खाली केली.

"काय बायांनो, मेंढ्या विकत घ्यायला आलात की काय?"

"विमानतळावर चाललोय," मी म्हटलं.

त्यानं आमच्या गाडीकडे बघितलं, मग उनाइसीकडे, तिच्या निळ्या झग्याकडे, हातांकडे. त्याचा चेहरा बदलला, पण आवाज तसाच ठेवला. "बरंच पुढे आलात की. विमानतळाकडे पाठ करून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. फाटे सगळे सारखेच दिसतात इकडे, माझी बायको अजून चुकते." मग टोपी मागे सारून म्हणाला, "मी पुढे होतो. माझ्या मागे मागे या. हळू चालवतो, कुत्र्याला वेग सोसत नाही."

आम्ही त्याच्या मागे निघालो. पिकअपचा मागचा लाल दिवा बघत उनाइसी अगदी व्यवस्थित गाडी चालवत होती. कुणालाही काही वाटलं नसतं.

"तालेईला सांगायचं नाही," ती म्हणाली.

"उना..."

"सांगायचं नाही. शपथ घे. तुझ्या आईच्या गळ्याची."

"नाही सांगत."

"शपथ."

"शपथ," मी म्हटलं.

त्यानंतर ती मला टेबलावरच्या गोष्टी सांगायला लागली. "मुकादमबाईच्या बुटात माशाचं डोकं होतं ना, ते मीच ठेवलं होतं. तुला वाटायचं, शेजारच्या टेबलावरच्या लावेनियानं ठेवलं." मला सगळी हकीकत ठाऊक होती, तरी मी नव्यानं ऐकली. खरंच तिला तिकडचं सगळं आठवत होतं. टेबलावर कोण कुठं उभी राहायची तेसुद्धा.

विमानतळावर पोचलो तेव्हा तीनला पाच कमी होती. आमच्या डोळ्यांदेखत विमान धावपट्टीवरून उठलं आणि ढगात गेलं. उनाइसी त्याच्याकडे बघत म्हणाली, "गेलं." तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीनं कीबोर्डवर टकटक केलं आणि मला साडेपाचच्या विमानात बसवलं. कॉफीचं दुकान बंद झालं होतं.

म्हातारा बाहेर पिकअपपाशी थांबला होता. मी त्याच्याकडे गेले. त्याचं नाव रॉस होतं. काय सांगावं ते मला सुचेना, पण त्यानंच विचारलं, "ती परत एकटी जाणार?"

"हो."

"घर कुठं?"

मी पत्ता सांगितला.

"मला गावात जायचंच आहे," तो म्हणाला. जायचं नसावं. "तिच्या दारापर्यंत पुढे राहतो. पण बाई, हे आज झालं. उद्या मी नसणार."

"माहीत आहे."

"माझ्या भावाचं असंच होतं. गाडी काढून घेतली तेव्हा वर्षभर बोलला नाही माझ्याशी." त्यानं कुत्र्याच्या डोक्यावर थोपटलं. "पण निदान वर्षभर होता."

साडेपाचपर्यंत माझ्यासोबत थांबते असं उनाइसी म्हणत होती. अंधार पडायच्या आत घरी जा, असं मी म्हणत होते. अंधाराचं कारण होतं म्हणून बरं, दोघींनाही दुसरं कारण बोलावं लागलं नाही. तिनं मला मिठी मारली, आमच्या पद्धतीनं गालाला नाक लावून दीर्घ श्वास घेतला.

"अजून वास येतो तुला माशाचा," ती म्हणाली.

"तुलाही."

"खोटं बोलतेस."

मग ती गाडीत बसली. आरशात बघून केस सारखे केले. रॉसची पिकअप निघाली, तिच्यामागे ती. वळणावर तिनं काच खाली करून हात हलवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. तिची नजर त्या लाल दिव्यावर होती.

मी अडीच तास त्या खोलीत बसले. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, भिंतीवर टूनाचं मोठं चित्र. उठून तिला फोन करावा असं दोनदा वाटलं. येतेस का म्हणावं. घरी काय व्हायचं ते होऊ दे. एकदा तर खिडकीतल्या मुलीकडे जाऊन फोन मागितलाही. पण नंबर लावला तो तालेईचा, विमान उशिराचं आहे एवढं सांगायला.

तालेई ॲडलेडच्या विमानतळावर दाराशीच उभी होती. दातांच्या दवाखान्यात काम करते, अंगावर अजून तोच गणवेश. आईसारखीच रुंद, आईसारखंच चालणं. माझी बॅग गाडीत टाकून ती स्टीअरिंगवर बसली आणि गाडी रस्त्याला लागताच म्हणाली, "मावशी, विमान चुकलं कसं? आई तर मला नेहमी दोन-दोन तास आधी नेऊन बसवायची. केवढं भांडायची बाबांशी त्यावरून."

मी बाहेर बघत होते. दुकानांचे दिवे ओल्या रस्त्यावर पसरले होते.

"मावशी?"

"रस्ता चुकली," मी म्हटलं.

"कोण? आई?"

मग मी सगळं सांगितलं. किटली, चिठ्ठ्या, फाटक, मेंढ्या, केल्विन शेजारी बसून काय करायचा ते. आईच्या गळ्याची शपथ मोडताना माझा आवाज जराही अडखळला नाही, याचं मला नंतर फार वाईट वाटलं. तालेईनं मधेच गाडी कडेला घेतली. पिवळा दिवा टिकटिक करत राहिला.

"बाबा म्हणायचे, ती विसरभोळी झालीय, आणखी काही नाही," ती म्हणाली. "मी दर शनिवारी बोलते. दर शनिवारी ती म्हणते, छान चाललंय, तुझं कसं? मी माझंच सांगत बसायचे."

"तिला कळू द्यायचं नव्हतं."

"तुम्हाला मात्र सांगितलं."

"सांगावं लागलं."

ती रडली नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून बसली, आईसारखीच. मग विचारलं, "आणखी काही म्हणाली का ती? तिची काही इच्छा? काय करावं तिचं, कुठं राहायचंय?"

"तसल्या घरात नको म्हणाली."

"आणि?"

"आणि काही नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी फिजीला आले. मुलाशी बोलायचं मी उनाइसीला कबूल केलं होतं, ते बोलले नाही. बोलले असते तर तो काय म्हणाला असता, ते मला आजही माहीत नाही. कदाचित नाही म्हणाला असता. पण त्याला विचारलंच नाही, म्हणून त्याच्यावर ढकलताही येत नाही.

ऑगस्टमध्ये तालेईनं गाडी काढून घेतली. त्याच दिवशी उनाइसीचा मला फोन आला.

"माझी गाडी नेली, तोरी."

"हो गं."

"तू सांगितलंस."

"हो."

मला वाटलं, ती ओरडेल, नाहीतर निदान समजून घेईल. तिनं दोन्हींतलं काही केलं नाही. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिनं स्वतःहून मला कधी फोन केला नाही. मी करायचे, ती "हवा कशी आहे तिकडे" विचारायची, जसं बँकेतल्या माणसाशी बोलावं तसं. डिसेंबरात एकदा तिला माझं नाव पटकन सापडलं नाही. मुद्दाम केलं की खरंच, हे कळायला काही मार्ग नव्हता.

पुढच्या फेब्रुवारीत तिला ॲडलेडच्या तसल्याच एका घरात ठेवलं. तालेईनं चांगलं घर शोधलं होतं, स्वतःच्या घरापासून जवळ, ती रोज जाऊन यायची. कपडे तिचे तिलाच घालतात का, ते तेवढं बघ, असं मी तालेईला सांगितलं. ती बघायची.

ईस्टरच्या आसपास पोर्ट लिंकनचं घर विकायला काढलं आणि तालेई आईचीच गाडी घेऊन सामान आवरायला गेली. तिथून तिनं मला फोन केला. मागे दार वाऱ्यानं आपटत होतं.

"मावशी, आईच्या गाडीच्या डिकीत एक बॅग सापडली. इतके महिने गाडी माझ्याकडे गॅरेजमध्ये होती, मी डिकीतला मागचा कप्पा कधी उघडलाच नव्हता. भरलेली बॅग आहे. कमरेला नेसायचे दोन सुलू, रविवारचा झगा, प्रार्थनेचं पुस्तक, औषधांच्या गोळ्या सहा महिन्यांच्या. आणि पासपोर्ट. गेल्या जूनमध्येच नवा करून घेतलेला." ती थांबली. "तुम्ही आलात त्याच्या आधीच्या महिन्यात. तिला कुठं जायचं होतं का? तुम्हाला काही बोलली होती?"

कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला. सून अंगणात कपडे वाळत घालत होती.

"नाही," मी म्हटलं. "मला काही बोलली नाही."

"बरं. मग कपडे मी इथल्या चर्चला देऊन टाकू?"

"दे," मी म्हटलं.